लुंबिनी, कोलंबो, बँकॉकला निघालात? पैसे बदलण्याआधी हे वाचा!

दिवाळी सरली, थंडीने अंग धरले की आपल्या वस्त्यावस्त्यांतून धम्मयात्रेच्या गोष्टी सुरू होतात. विहारात वंदना झाल्यावर बायका घोळक्याने बसतात. कोणी बोधगयेला जाऊन आलेली असते, ती सांगते. कोणाची भिशी यंदा उठायची असते, ती मनातल्या मनात हिशेब मांडते. मुरुमसारख्या गावातून निघायचे म्हणजे सोलापूर नाहीतर कलबुर्गी गाठायची, रेल्वे धरायची, बोधगया, सारनाथ, कुशीनगर करीत गोरखपूर आणि तिथून सोनौलीची हद्द ओलांडून लुंबिनी. अलीकडे शिकलेल्या मुलामुलींना नोकऱ्या लागल्या, तशी आईवडिलांना श्रीलंका आणि थायलंड दाखवण्याची हौसही घरोघर येऊ लागली आहे. ही फार आनंदाची गोष्ट आहे.

अशा यात्रेची तयारी आपण बारकाईने करतो. चटणी, भाकरी, शेंगदाण्याचे लाडू, गुडघ्याचे मलम, पांढऱ्या साड्या, सगळे आठवून आठवून भरतो. गाडीभाडे किती, जेवणाचे किती, खोली कशी, हे यात्रा काढणाऱ्याला दहा वेळा विचारतो. मात्र एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आपला रुपया तिकडच्या पैशात कुठे बदलायचा आणि कोणत्या भावाने? विचारलेच तर उत्तर मिळते, "त्याची काळजी करू नका काकू, विमानतळावर सगळे मिळते." मिळते हे खरे. पण काय भावाने मिळते, ते विमानतळावर उभे राहिल्यावर कळते आणि तेव्हा इलाज उरलेला नसतो.

वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशातून हजारो रुपये असे नकळत गळून जातात. पाकीटमार गेला तर निदान बोंब तरी ठोकता येते. इथे पावती हातात असते, खाली सही आपलीच असते, आणि फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते: कमिशन नाही!

हे 'कमिशन नाही' प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याला ते जड जाऊ नये, कारण मोंढा आपण पाहिलेला आहे. मुरुमच्या बाजारात तूर घातली की आडत, हमाली, तोलाई अशी कपात पट्टीवर दिसते. समजा एखादा व्यापारी म्हणाला, "माझ्याकडे आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, माल टाका." तर आपण काय विचारू? "ते राहू द्या, भाव काय देता?" कारण आडत सोडून त्याने क्विंटलमागे दोनशे रुपये भावातच कापले, तर आडत परवडली असे म्हणायची पाळी येते. परदेशी चलनाचा धंदा नेमका असाच चालतो. कमाई कमिशनात थोडी आणि भावात जास्त.

डॉलरचे भाव दोन असतात. दुकानदार आपल्याला डॉलर देतो तो विक्रीचा भाव आणि आपल्याकडून परत घेतो तो खरेदीचा भाव. या दोहोंच्या मधोमध बाजारातला खरा भाव असतो. तो वर्तमानपत्रात येतो, मोबाईलवरही दिसतो. फलकावरच्या दोन आकड्यांत जितके अंतर जास्त, तितके ते दुकान महाग. एवढे एक ध्यानात ठेवले तरी कोणत्याही देशातल्या कोणत्याही काउंटरवर आपली फसगत व्हायची नाही. फलक बघायचा, दोन आकड्यांतले अंतर बघायचे आणि अंतर मोठे असेल तर पुढे चालू लागायचे.

आकड्यात सांगतो. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. हिशेबाला सोपे म्हणून बाजारभाव ९० रुपयेच धरू. आई, वडील आणि मुलगी असे तिघे निघाले आहेत आणि त्यांना हजार डॉलर हवे आहेत. शहरातल्या चार ठिकाणी विचारून त्यांना ९० रुपये ९० पैशांनी डॉलर मिळाला, तर ९०,९०० रुपये लागतील. तेच त्यांनी काही न विचारता विमानतळावर घेतले आणि तिथला भाव सात टक्क्यांनी चढा निघाला, तर ९६,३०० रुपये. फरक ५,४०० रुपयांचा! २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे सतरा दिवस उन्हात खोदकाम केल्याची मजुरी त्या काचेच्या काउंटरवर पाच मिनिटांत ठेवून यायची. सात टक्के हा आकडा उदाहरणासाठी घेतला आहे. कुठे कमी असेल, कुठे याहूनही जास्त.

म्हणून काउंटरवर एकच प्रश्न विचारा. "साहेब, सगळे धरून, कर धरून, मी किती रुपये द्यायचे आणि माझ्या हातात किती डॉलर पडतील?" कमिशन किती, सेवा शुल्क किती, असे तुकड्या-तुकड्याने विचारू नका. एकूण रुपये भागिले हातात पडलेले डॉलर, हाच आपला खरा भाव. हा आकडा तीन-चार ठिकाणांहून घ्या, कागदावर लिहा आणि मग घासाघीस करा. होय, इथे घासाघीस चालते! भाजीवाल्या मावशीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण लोक कोट-टायवाला समोर बसला की गप्प होतो. दहा-बारा जणांचा गट असेल तर भाव आणखी उतरतो. मात्र गटाने फक्त भाव ठरवायचा. पैसे घ्यायचे ते ज्याने त्याने आपल्या पासपोर्टवर आणि आपल्या नावाच्या पावतीने.

बाबासाहेब आणि रुपयाचा भाव

चलनाचा भाव हा साहेब लोकांचा विषय, आपल्याला त्यातले काय कळणार, असे कोणी म्हणू लागला तर त्याला थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

बडोदा संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधलेला होता, म्हणजे एका पौंडाचे पंधरा रुपये. पुढे महायुद्धाने सगळे भाव उधळले. १९२० च्या फेब्रुवारीत रुपया २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास चढला होता आणि १९२१ साली तो १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली कोसळला. याचा अर्थ विलायतेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचा तर असा: चढत्या काळात शंभर रुपये बदलले तर चौदा पौंड हाती येत. तेच शंभर रुपये वर्षभराने बदलले तर साडेसहा पौंडांच्या आसपास. नेमक्या याच घसरणीच्या काळात, १९२० च्या जुलैत, बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. जवळ सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून राखलेली शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत.

लंडनला बसून त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तोही रुपयाचाच. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी रुपयाचा भाव ठरवण्यासाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन आले, तेव्हा १९२५ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी त्यापुढे साक्ष दिली. रुपयाचा भाव बदलला की कोणाच्या ताटातले जाते आणि कोणाच्या ताटात पडते, हा प्रश्न त्यांनी बारकाईने तपासला होता. त्यांच्या लेकरांनी विमानतळावरच्या फलकापुढे गांगरून जावे हे काही बरे दिसत नाही.

नेपाळची गोष्ट वेगळी

आपल्यातले सर्वांत जास्त लोक जातात ते लुंबिनीला, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. नेपाळसाठी डॉलर लागत नाहीत. आपल्या कायद्यानेही नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी परदेशी चलन दिले जात नाही. तेव्हा नेपाळला जायला डॉलर घ्या असे कोणी सांगत असेल तर तो अडाणी तरी आहे किंवा लबाड तरी.

नेपाळी रुपयाचा भाव आपल्या रुपयाशी १९९३ पासून बांधून ठेवलेला आहे. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. हा भाव रोज बदलत नाही. म्हणून इथे घासाघिशीचा प्रश्न नाही, पाठांतराचा आहे. शंभराला एकशे साठ! घरातल्या लहान मुलीला शिकवा, ती आजीला बरोबर सांगेल. हद्दीवरच्या टपरीत कोणी शंभराला १५० देऊ लागला तर घेऊ नका. ४,००० रुपये बदलले तर ६,४०० नेपाळी मिळायला हवेत. तो ६,००० देतो. म्हणजे चारशे नेपाळी, आपले अडीचशे रुपये गेले. दोन-तीन रुपयांनी कमी दिले तर ती त्याची मजुरी समजा आणि वाद घालत बसू नका.

मुळात तिथे फार बदलावेच लागत नाही. सोनौली, भैरहवा, लुंबिनी या पट्ट्यात आपली शंभराची नोट सर्रास चालते. अडचण मोठ्या नोटांची. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नेपाळला जाताना शंभरापर्यंतच्या नोटा कितीही नेता येतात, त्याहून मोठ्या नोटा मिळून २५,००० रुपयांपर्यंत. पण २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी आणली आणि पाचशेच्या नोटा घेऊन गेलेल्या यात्रेकरूंचे हाल झाले. पुढे हे नियम सैल करण्याकडे दोन्ही देश वळले आहेत. तरी कागदावरचा नियम गल्लीतल्या दुकानदारापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून सगळ्यात बिनघोर मार्ग शंभराच्या नोटांचा. निघण्याआधी आठवडाभर गावातल्या बँकेत जाऊन कॅशियरला सांगून ठेवा. शंभराचे एक बंडल म्हणजे दहा हजार रुपये होतात. नोटा फाटक्या, चिकटवलेल्या, शाई लागलेल्या नकोत. गावाकडे चालणारी मळकी नोट हद्दीपलीकडे चालेलच असे नाही.

आता एक खास सापळा. नेपाळात भाव विचारला की दुकानदार म्हणतो, "पाचशे." कोणते पाचशे? तिकडे यासाठी दोन शब्द रूढ आहेत: भारतीय पैशाला आयसी आणि नेपाळी पैशाला एनसी. पाचशे एनसी म्हणजे आपले साडेतीनशेसुद्धा नाहीत, ३१२ रुपये ५० पैसे. पण आपण काही न विचारता पाचशेच्या हिशेबाने भारतीय नोटा काढून दिल्या तर तो कशाला नको म्हणेल? म्हणून माळ घ्या, मूर्ती घ्या, रिक्षा करा, आधी विचारा: "आयसी की एनसी?" आणि सुटे पैसे परत घेताना ते कोणत्या पैशात मिळाले तेही बघा. भारतीय नोट देऊन नेपाळी सुटे मिळाले तर मोजणी एकशे साठच्या हिशेबाने झाली पाहिजे.

ज्यांच्या मोबाईलमध्ये यूपीआय आहे त्यांना २०२४ पासून नेपाळातल्या अनेक दुकानांत कोड स्कॅन करून पैसे देता येतात. त्यासाठी अॅपमध्ये परदेशातील व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात, आणि सगळ्याच बँकांची सोय सारखी नाही. मुलाला किंवा सुनेला सांगून हे घरीच तपासून घ्या. मात्र लुंबिनीच्या चौकात मोबाईलला रेंज नसेल तर काय, याचा विचार करून चार नोटा कमरेला असू द्याव्यात.

श्रीलंका आणि थायलंड

इथे मात्र नेपाळसारखा बांधलेला भाव नाही आणि नियमही उलटे होतात.

श्रीलंकेचा रुपया आपल्याकडच्या दुकानांत सहसा ठेवत नाहीत, ठेवला तर भाव फार चढा. तेव्हा इथून डॉलर न्यावेत आणि तिथे उतरून बदलावेत, हे बहुधा परवडते. यात दोनदा बदल होतो, रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे श्रीलंकन रुपये, आणि दर बदलाला कोणीतरी घास काढून घेतोच. तरी दोन लहान घास एका मोठ्या घासापेक्षा बरे! भारतातल्या विमानतळाबद्दल जे वर लिहिले ते कोलंबोला तितके लागू नाही. तिथे विमानतळावर बँकांची काउंटर शेजारी शेजारी आहेत, दोन-तीन फलक वाचून त्यातल्या त्यात चांगला भाव धरावा. यूपीआय तिथेही २०२४ च्या फेब्रुवारीपासून सुरू झाले आहे. अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचे दंतधातू मंदिर करायला जाणाऱ्यांनी वाटेतल्या लहान खर्चासाठी रोख जवळ ठेवावी.

सगळे डॉलर पहिल्याच दिवशी बदलू नका. २०२२ साली श्रीलंकेवर जे आर्थिक संकट आले त्यात मार्चच्या आरंभी दोनशेच्या घरात असलेला डॉलर मे महिन्यापर्यंत साडेतीनशेच्या पुढे गेला. ज्याने आदल्या आठवड्यात सगळे बदलून ठेवले त्याचा पैसा निम्म्याकडे आला. असे रोज घडत नाही. पण लागेल तसे बदलावे, ही सवय सगळीकडे उपयोगी पडते.

थायलंडला डॉलर नेताना शंभराच्या नोटा मागा. तिथल्या बहुतेक दुकानांत शंभर डॉलरच्या नोटेला चांगला भाव आणि पाच, दहा, वीसच्या नोटांना कमी भाव असतो. नोट कोरी हवी. घडी पडलेली, शिक्का मारलेली, पेनाने आकडे लिहिलेली नोट नाकारतात. काउंटरवरच एकेक नोट उजेडात बघून घ्या, मागून येणाऱ्याला वेळ झाला तर होऊ द्या. बँकॉकमध्ये सुपररिच नावाची पैसे बदलणारी दुकाने चांगल्या भावासाठी प्रवाशांत प्रसिद्ध आहेत. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्या उतरल्या जे बँकांचे काउंटर लागतात तिथे भाव कमी मिळतो. त्याच इमारतीत तळमजल्याखाली, शहरात जाणारी रेल्वे जिथून सुटते तिथल्या दुकानांत तो बराच बरा असतो. जिना उतरण्याचे कष्ट तेवढे घ्यायचे. पासपोर्ट जवळ ठेवा, तो दाखवावा लागतो.

थायलंडच्या एटीएममध्ये आपले कार्ड चालते, पण परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहूनही अधिक शुल्क कापतात. किती काढले याच्याशी त्याचा संबंध नाही. हजार बाट काढले तर बावीस टक्के गेले. वीस हजार काढले तर एक टक्का आणि वर थोडे. तेव्हा चिल्लर चिल्लर काढणाऱ्याचे तिथे काम नाही.

कार्डाचा विषय निघालाच आहे तर तोही संपवू. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशात खर्च केला की बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के वरचा आकार लावतात, त्यावर पुन्हा जीएसटी. काही कार्डांना हा आकार नसतो, निघण्याआधी बँकेला विचारा. २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशातील वापर आधी बंदच असतो, तो सुरू करून घ्यावा लागतो. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, व्याज पहिल्या दिवसापासून चढते. बँकेचे प्रवासी कार्ड, ज्याला फॉरेक्स कार्ड म्हणतात, ते घेतले तर भाव भरणा केला त्या दिवशीचाच राहतो. पण ज्या देशात जायचे त्याच चलनाचे घ्या. डॉलर भरलेले कार्ड बाटमध्ये वापरले की पुन्हा बदलाचा आकार लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे! परदेशात कार्ड घासले की यंत्र गोड आवाजात विचारते, पैसे भारतीय रुपयांत भरणार की इथल्या चलनात? आपल्याला वाटते, रुपये बरे, आपल्याला कळतात. तिथेच फसतो. रुपये म्हटले की भाव त्या दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि तो पाच-सात टक्क्यांनी सहज चढा असू शकतो. नेहमी तिथल्याच चलनाचे बटण दाबावे. एटीएमवरही असाच प्रश्न येतो, उत्तर तेच.

यात्रा कंपनीकडून पैसे घेताना

यात्रा काढणारे बरेच जण सचोटीने काम करतात, समाजासाठी झिजतातही. पण "डॉलरचे माझ्यावर सोडा, रोख द्या" असे कोणी म्हणाला तर सोडू नये. परदेशी चलन विकण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँका आणि पैसे बदलणाऱ्या संस्थांनाच आहे. परवाना दुकानात लावलेला असतो, तो बघावा. पासपोर्ट, तिकीट, लागत असेल तर व्हिसा आणि पॅन कार्ड लागते. रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली तर ती रोखीने घेत नाहीत. चेकने, कार्डाने किंवा खात्यातून द्यावी लागते. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने नव्वद हजारांची गड्डी पिशवीत घालून सोलापूर-पुण्याला नेण्यात अर्थ नाही. बहुतेक देशांसाठी एका फेरीला माणशी तीन हजार डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, आपल्याला तेवढ्या लागतही नाहीत. जीएसटीचा बाऊ करू नका. पंचवीस हजारांच्या बदलाला तो ४५ रुपये आणि लाखाला १८० रुपये होतो. कराच्या नावाखाली कोणी हजार-पाचशे मागू लागला तर पावती मागा.

रस्त्यावर, हॉटेलच्या दारात किंवा हद्दीवर 'जादा भाव' देणारे भेटतात. त्यांच्याकडे खोट्या नोटाही असतात आणि मोजताना बोटांची जादूही. शिवाय असा व्यवहार बेकायदेशीर.

परदेश सहलीच्या पॅकेजवर २०२० च्या ऑक्टोबरपासून टीसीएस नावाचा कर कापला जातो. त्याची टक्केवारी अर्थसंकल्पागणिक बदलते, चालू दर विचारून घ्या. मुख्य गोष्ट ही की हा पैसा बुडत नाही. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि आपले उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. सफाई कामगार, अंगणवाडी सेविका, पेन्शनवर जगणारे गुरुजी, अशा कितीजणांनी तो परत मागितलाच नसेल! पॅकेजची पावती आणि टीसीएसचे प्रमाणपत्र मागून घ्या, गावातल्या कर भरून देणाऱ्याकडे ते न्या.

घरातल्या बाईच्या नावचे पैसे बाईच्याच हातात असावेत, हेही सांगून ठेवतो. गटात हरवाहरवी होते. सगळे पैसे, सगळे पासपोर्ट एकाच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत फार वाईट. पैसे दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा.

कुठून घ्यायचे? मुरुमकरांना हैदराबाद आणि पुणे दोन्ही एकाच महामार्गावर पडतात, विमान कुठूनही धरता येते. पण डॉलर विमानाच्या दिवशी घ्यायचे नाहीत, त्याआधी आठ-पंधरा दिवस. आपल्या बँकेच्या शाखेत विचारा, तिथे चलन नसेल तर मोठ्या शाखेतून मागवता येते का ते विचारा. मुलगा-मुलगी पुण्यात नोकरीला असेल तर दोन-तीन परवानाधारक दुकानांचे भाव फोनवर काढायला सांगा. त्याच वेळी हेही विचारून ठेवा की उरलेले डॉलर परत घ्याल का आणि कोणत्या भावाने. पावती जपून ठेवा.

परत आल्यावर उरलेले डॉलर किंवा बाट एकशे ऐंशी दिवसांच्या आत बँकेला किंवा परवानाधारकाला विकावेत असा नियम आहे. दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या यात्रेसाठी जवळ ठेवता येतात. थायलंडचे बाट मात्र तिथेच संपवून या, आपल्याकडे त्याला भाव कमी मिळतो. नाणी तर कोणीच परत घेत नाही, ना बँक ना दुकान. तेव्हा बँकॉकची नाणी विमानतळावरच्या चहा-पाण्यात घालवा, आणि नेपाळचे सुटे सोनौलीची कमान ओलांडण्याआधी पलीकडच्याच टपरीवर. आल्याचा चहा तिथे चांगला मिळतो, आणि तो आयसीत की एनसीत, ते आता तुम्ही विचारालच.